घराकडं उतार

१

विमानाचं तिकीट वाचायची आमच्या घरात एकच पद्धत होती, आणि ती रेल्वेची होती.

माझे वडील, अण्णा, इथल्या स्टेशनवर बुकिंग क्लार्क होते. पोलीस अ‍ॅक्शनच्या दोन वर्षं आधी निजामाच्या रेल्वेत लागले आणि राज्य बदललं तरी त्याच खिडकीत बसून निवृत्त झाले. कालिंदी सून म्हणून घरात आली तेव्हा त्यांनी तिला पहिली गोष्ट शिकवली ती वेळापत्रक वाचायची. पोचायच्या वेळेतून सुटायची वेळ वजा करायची. उरतो तो प्रवास. मनमाड असो नाहीतर सिकंदराबाद. कालिंदीनं हे आयुष्यभर पाळलं.

आमची एकुलती मुलगी भानुमती, म्हणजे भानू, नोकरीसाठी सिंगापूरला निघाली तेव्हा कालिंदीनं तिचं तिकीट जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि अण्णांच्या पद्धतीनं वजाबाकी केली. जाताना मुंबई दुपारी बारा, सिंगापूर रात्री आठ. आठ तास. येतानाचं तिकीट सिंगापूर बारा दहा, मुंबई तीन दहा. तीन तास.

"हे काय हो? जाताना आठ अन् येताना तीन?"

मी उस्मानपुऱ्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो. पंधरा अंशांना एक तास, हे नववीच्या मुलांना मी पंचवीस वर्षं फळ्यावर काढून दाखवलं होतं. मुंबई ते सिंगापूर अंतर साधारण एकोणचाळीसशे किलोमीटर. जाताना काय नि येताना काय, विमानाला साडेपाच तास लागतात. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं, म्हणून तिकिटावर जाताना ते अडीच तास वाढलेले दिसतात आणि येताना कमी झालेले. हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं आपलं उत्तर शोधलं.

"असेल बाई. घराकडं उतार असतो."

मी हसलो. दुरुस्ती केली नाही. नंतरही कधी केली नाही, कारण तो घरातला विनोद होऊन बसला. परतीच्या विमानात बसली की भानू फोन करायची, "आई, उताराला लागले गं. येते."

'येते' म्हणायचं हे तर सगळीकडंच आहे, पण आमच्याकडं जरा जास्तच होतं. अण्णा तिकीट देतानासुद्धा उतारूला 'या' म्हणत, मग त्यानं परतीचं काढलेलं असो नसो. 'जाते', 'जा' हे शब्द आमच्या दारात कुणी उच्चारत नसे. लहानपणी मी एकदा रुसून एका मित्राला "जा" म्हणालो होतो, तेव्हा अण्णांनी मला भर उन्हात त्याच्या मागं पळवलं होतं, "ये" म्हणून यायला.

२

कालिंदीला स्वादुपिंडाचा आजार झाला. मी शाळेतून वेळेआधी निवृत्ती घेतली. मे महिन्यात दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, आणि एका सोमवारी सकाळी आठला घरी येऊन बघून गेले. दारात मला हळूच म्हणाले, "आजचा दिवस. मुलीला कळवलंय ना?"

कळवलं होतं. नऊ चाळीसला भानूचा फोन आला. मागं विमानातल्या सूचना चालू होत्या.

"बाबा, बसले. आईला सांगा, उताराला लागले. येते."

मी कालिंदीच्या कानाशी वाकून तसंच सांगितलं. तिनं डोळे उघडले नाहीत.

"किती वेळ?"

खरं उत्तर असं होतं: साडेपाच तास मुंबईपर्यंत, मग दुसरं विमान, मग चिकलठाण्याच्या विमानतळावरून रिक्षा. रात्रीचे आठ. पण कालिंदीच्या लेखी मुंबईला उतरलं की माणूस घरीच आलं. आणि तिच्याकडं रात्रीचे आठ नव्हते.

"तीन तास," मी म्हणालो. "तुझ्याच हिशेबानं."

ती जराशी हसली असं मला वाटलं. मग तिनं मान भिंतीवरच्या घड्याळाकडं वळवून ठेवली. अण्णांना निवृत्तीच्या वेळी मिळालेलं, चावीचं घड्याळ आहे ते. दर अर्ध्या तासाला ती विचारी, "किती राहिले?" आणि मी सांगे. अडीच. दोन. दीड. मला वाटत होतं, मध्येच तिला ग्लानी येईल आणि हिशेब सुटेल. सुटला नाही. माणसाच्या अंगात काही उरलेलं नसताना हिशेब कसा उरतो, मला माहीत नाही.

साडेबारा झाले. तिचा श्वास लांब लांब पडू लागला.

"आली का?"

बारा चाळीस झाले होते. मी उठलो. तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं; आजही, दुसरं काय करायला हवं होतं ते मला सांगता येत नाही. मी पुढच्या दाराची पितळी कडी काढली. दार उघडलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, नुसतं पांढरं ऊन. मी मोठ्यानं, आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल असं, म्हणालो, "ये गं, आत ये. आई वाट बघतेय." दारामागं माझी जुनी चाकांची बॅग होती. ती मी दोन फरशा घरघर ओढली, बॅगेचा आवाज व्हावा म्हणून. दार लावलं आणि आत गेलो.

कालिंदीनं डोळे उघडले होते. ती माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर, बघत होती. तिनं हात उचलला. चार दिवस तिला पाण्याचा चमचा उचलता आला नव्हता. हात हवेत फिरला, केसांवरून फिरतो तसा, वरून मागं, आणि वेणी असते तिथं थांबला.

"अगं," ती म्हणाली, "किती गार पडलीस."

बारा वाजून पन्नास मिनिटांनी ती गेली.

३

रात्री आठला भानू आली. बाकीचं सगळं तिच्यासाठी थांबवलं होतं.

तेराव्याची माणसं निघून गेल्यावर संध्याकाळी आम्ही दोघं स्वयंपाकघरात ताटं पुसत होतो. बापलेकींचं बोलणं होतं तसं चाललं होतं, म्हणजे फारसं नाहीच. मध्येच ती म्हणाली, "आई शेवटी म्हणाली ना, किती गार पडलीस म्हणून. मला तेच सारखं आठवतंय."

मी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? माझ्याच डोक्यावर हात होता तिचा."

ती पुसत राहिली. मग तिचा हात मंदावला. ताटाकडं बघत तिनं विचारलं, "मी होते ना, बाबा?"

"बेटा, तू विमानात होतीस."

"हो," ती म्हणाली. "हो, विमानातच होते. म्हणजे स्वप्न पडलं असेल. डोळा लागला असेल."

"लागतो."

"समोरच्या पडद्यावर नकाशा होता. राहिलेलं अंतर येत होतं, अन् बाहेरचं तापमान. उणे बावन्न. तेवढं वाचलेलं आठवतं. त्याच्यानंतर एकदम मुंबईच, चाकं टेकताना. शेजारच्या बाईंनी माझ्यासाठी दोन ब्लँकेटं मागवली होती म्हणे. म्हणाल्या, तुमचे हात बर्फासारखे झालेत."

मी ताटं फडताळात ठेवली. एकाच वेळी आई-मुलीला एकच भास होणं अशक्य नाही, असं मी स्वतःला सांगितलं. ती झोपल्यावर तिच्या पर्समधून तिकिटाचा छापील कागद काढून बघितला. मुंबई, पंधरा दहा. तो मी माझ्या वहीत ठेवला. कशासाठी, ते सांगता आलं नसतं.

जाताना ती दारात वाकून पाया पडली. "येते, बाबा."

"ये," मी म्हणालो.

४

घरात मी आणि द्वारकाबाई राहिलो. द्वारकाबाई मूळच्या अजिंठ्याकडच्या. बारा वर्षं आमच्याकडं स्वयंपाकाला आहेत. सकाळी दहाला येतात, चारला जातात. मी साडेबाराला जेवायला बसतो, एकला ताट सारतो आणि आडवा होतो. भानूची खोली जेवणाच्या टेबलाला लागून आहे. तिचं दार मी ओढून घेतलेलं असतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, जेवताना, दाराशी घरघर झाली. चाकांची बॅग दोन फरशा ओढावी तशी. दोनच. मी उठून बघितलं. बॅग जागेवर होती. उंदीर, शेजारच्यांचं फर्निचर, पाण्याची मोटर, असं एकेक मी मनात खोडत गेलो. दार नीट लागलंय का बघायला कडीला हात लावला आणि झटक्यात मागं घेतला. बाहेर बेचाळीस अंश ऊन होतं. दाराला दुपारी ऊन लागतं, कडी एरवी चटका देते. ती गार होती. माठासारखी गार नव्हे. बोटांची कातडी तिला चिकटून सुटली.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मी घड्याळ बघितलं. बारा चाळीस.

मी बॅग माळ्यावर टाकली. घरघर आली. दाराला आतून कुलूप लावलं. घरघर आली. मग मी शिक्षक माणूस, शाळेतून आणलेला तापमापक काढला. जेवणाच्या टेबलावर एकेचाळीस. भानूच्या खोलीत, जिथं कूलर नाही आणि खिडकी पश्चिमेला आहे, एकोणीस. दर पंधरा मिनिटांनी मी दार किलकिलं करून वाचत होतो. एकोणीस. एकोणीस. अठरा. पलंगाची कड, मधोमध, दबलेली होती. तीन वाजून दहा मिनिटांनी पारा चढायला लागला आणि साडेतीनपर्यंत चाळीसवर आला. कड वर आली.

आठवडाभर मी नोंदी ठेवल्या आणि मग वही बंद केली. आकडे रोज तेच येत होते, आणि दाखवायचे कुणाला?

त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं की द्वारकाबाई दोन पोळ्या जास्त करतात.

"कुणासाठी हो?"

त्यांनी खोलीच्या दाराकडं हनुवटी केली. "ताईला वाढू का हितंच, सर? का निजल्यात?"

"कोणत्या ताईला?"

"आता घ्या! कंची म्हंजी? आपल्या भानूताई." त्यांनी तवा उतरवला आणि माझ्या तोंडाकडं बघून त्यांचा आवाज खाली आला. "तुमी बोलत नाय म्हनून म्या बी काय बोलले नाय. रोजच्या येतात न्हवं. त्या दिशी बी अशाच आलत्या. बाईंचा जीव जायच्या येळंला. म्या हितून बघितलं, तुमच्या बाजूला हुभ्या होत्या. पाठमोऱ्या. कुनाशी बोलल्या नाय. लई दमलेल्या."

"द्वारकाबाई, भानू त्या दिवशी रात्री आठला आली."

"व्हय," त्या म्हणाल्या. "तवा बी आल्या."

५

ऑगस्टमध्ये भानूच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं मला परस्पर फोन केला. मराठीच मुलगी, नाशिककडची.

"काका, भानूनं तुम्हाला सांगायचं नाही म्हटलंय, पण मला राहवत नाही. ती दुपारी बसल्या जागी हरवते. डोळे उघडे असतात, पण हाक मारली तर ओ देत नाही. हात बर्फ होतात. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. परवा ऑफिसबाहेर रस्ता ओलांडताना मध्येच थांबली, काका. सिग्नल सुटला होता. मी ओढलं तिला."

"रोज होतं असं?"

"रोज. डॉक्टरांनी वेळ लिहून ठेवायला सांगितलीय. तीन दहाला सुरू होतं. पाच चाळीसला आपोआप भानावर येते."

फोन ठेवून मी टेबलाशी बसलो. वजाबाकी करायला मला कागद लागत नाही. तिथले तीन दहा म्हणजे इथले बारा चाळीस. तिथले पाच चाळीस म्हणजे इथले तीन दहा.

तिकिटावर पोचायची वेळ तीन दहा होती. ती मुंबईच्या घड्याळातली वेळ. पण सिंगापूरच्या घड्याळात ती वाचली, कालिंदीनं वाचली तशी, तर भानू आमच्या दारात बारा चाळीसला पोचते. मी दार उघडलं होतं. 'ये' म्हणालो होतो. विमान साडेपाच तासांचं होतं आणि मी तिला तीन तासांत बोलावून घेतलं. राहिलेले अडीच तास कुणीतरी भरायला हवे होते. ती रोज येऊन भरत होती.

हे लिहिताना मला कळतं की हे तर्काला धरून नाही. तेव्हाही कळत होतं. पण मला तर्क नको होता, मला माझी मुलगी रस्त्याच्या मधोमध उभी दिसत होती.

मी तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार होतो? सुट्टी घे म्हणालो, दुपारी बाहेर पडू नकोस म्हणालो. ती हसून म्हणाली, "कुणी चुगली केली तुमच्याकडं?" दिवाळीला व्हिडिओ कॉलवर तिनं स्वेटर घातला होता. सिंगापूरला. गालाची हाडं दिसत होती. जानेवारीत तिला ऑफिसनं बिनपगारी घरी बसवलं.

"वर्षश्राद्धाला येतेच आहे," ती म्हणाली. "तेच विमान मिळालं, बाबा. बारा दहाचं. आईच्या हिशेबानं तीन तास."

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी ठरवलं. जिला मी बोलावलं तिला मीच परत पाठवायला हवं होतं. आणि ते दार उघडं टाकून, हात जोडून, विनवून होत नव्हतं. ते सगळं मी करून बघितलं होतं. एक गोष्ट मी केली नव्हती. एक शब्द मी वापरला नव्हता.

६

मेमधला तोच दिवस. द्वारकाबाईंना मी सुट्टी दिली. नऊ चाळीसला फोन आला.

"बाबा, उताराला लागले." तिचा आवाज फार लांबून आल्यासारखा होता. "येते."

"ये," मी म्हणालो. सवयीनं.

अण्णांच्या घड्याळाला मी चावी दिली. खुर्ची पुढच्या दाराजवळ घेतली. अकरा. साडेअकरा. गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला. बारा. मला तहान लागली होती, पण उठवत नव्हतं. मी मनात तो शब्द म्हणून बघत होतो. एका अक्षराचा शब्द.

बारा चाळीसला माझ्या पायाशी, माझ्या आणि दाराच्या मधल्या जागेत, चाकं घरघरली. दोन फरशा.

एरवी ती इथून सरळ खोलीकडं जाई. आज मी वाटेत बसलो होतो. गारवा माझ्यासमोर येऊन थांबला. माझ्या चपलांच्या अंगठ्यांवर पांढुरकं काहीतरी धरू लागलं.

मी उठून हात लांब करून कडी काढली. तळहाताची कातडी तिथं राहिली. खूण अजून आहे. दार सताड उघडलं. ऊन आत आलं आणि त्या उन्हात ती जागा रिकामी नव्हती.

मी तिच्या तोंडाकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं. मला भीती होती, भानूचं रूप घेतलेलं ते काहीतरी असेल. परकं असेल, आणि तोंडावरून कळेल. म्हणून मी खालीच बघत होतो. मोजे घातलेले पाय, बूट नव्हते. विमानात काढून ठेवतात तसे ठेवले असतील. मी ते बघितलं आणि तरीही तोंड उघडलं.

"भानू," मी म्हणालो, "जा."

शब्द बाहेर पडला आणि मी वर बघितलं.

तिच्या भांगात पांढरं होतं. आधी मला पिकलेले केस वाटले. तो बर्फाचा भुगा होता. डाव्या बाजूचे केस विस्कटलेले होते, वरून मागं, नुकताच कुणीतरी हात फिरवल्यासारखे. तिनं ते तसेच ठेवले होते. वर्षभर. चेहऱ्यावर काही भयंकर नव्हतं. ती दमलेली होती, आणि मी काय म्हणालो ते तिला नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगाल का, अशा नजरेनं माझ्याकडं बघत होती. तिला मी जन्मापासून ओळखतो. दुसरं कुणी नव्हतं ते.

"नको," मी म्हणालो. "अगं, थांब. ये. ये, आत ये."

पण मी तेव्हा उन्हाशी बोलत होतो. कडीला हात लागला आणि फोड आला. ती तापली होती.

७

तीन वीसला फोन वाजला.

"बाबा, उतरले." आवाज स्वच्छ होता, ताजा. "काय मस्त प्रवास झाला म्हणून सांगू! एक मिनिटसुद्धा झोप नाही, सगळा वेळ जागी होते. सिंगापूरच्या तीन दहाला काहीच झालं नाही. कळतंय का तुम्हाला? काहीच नाही!"

मी फोड आलेल्या हातातून फोन दुसऱ्या हातात घेतला.

"बरं, पुढच्या विमानाची वेळ झाली. जाते."

तिनं फोन ठेवला.

संध्याकाळी ती आली. रिक्षातून उतरून तिनं माझे हात हातात घेतले. तिचे हात ऊबदार होते. वर्षश्राद्ध नीट पार पडलं. ती सगळं विचारून विचारून करत होती, पाहुणे करतात तसं. मीठ कुठं असतं, ते तिनं मला दोनदा विचारलं. बरणी तिच्या जन्माच्या आधीपासून त्याच फळीवर आहे. द्वारकाबाई दाराशी पदर धरून तिच्याकडं टक लावून बघत राहिल्या, आणि पोळ्या मोजक्याच केल्या.

रात्री जेवताना मी म्हणालो, "तुझी आई म्हणायची ना, येताना तीनच तास."

"तीन नाही, बाबा, साडेपाच." ती समजुतीच्या सुरात बोलली. "तिथलं घड्याळ अडीच तास पुढं असतं ना, म्हणून तसं वाटतं. तुम्हीच तर शिकवायचा."

"ती म्हणायची, घराकडं उतार असतो."

"कसला उतार?"

मी पाण्याचा घोट घेतला. "तुला आठवतं, शेवटी ती काय म्हणाली?"

"मी कुठं होते तेव्हा?" तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "मी विमानात होते, बाबा. तुम्ही फार विचार करता."

सगळं बरोबर होतं. एकही चूक नव्हती.

चौथ्या दिवशी ती परत निघाली. वजन वाढेल, ऑफिस पुन्हा घेईल, डॉक्टर खूश होतील, असं वाटलं; झालंही तसंच. तिच्यात काय कमी आहे ते मी कुणाला दाखवू शकत नाही, कारण कमी काहीच नाही. दारात ती वाकली, पाया पडली, बॅगेची दांडी वर ओढली.

"जाते, बाबा."

मी 'ये' म्हणालो. ती रिक्षात बसून मोबाइल बघत होती.

आता मी जेवण लवकर उरकून बारा चाळीसला पुढचं दार उघडतो. सताड. बॅग माळ्यावरून काढून पुन्हा दारामागं ठेवली आहे, आणि ती मी दोन फरशा ओढतो. मोठ्यानं, आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणतो, "ये गं, आत ये. आई वाट बघतेय." तापमापक तिच्या खोलीत टांगला आहे. एकेचाळीस दाखवतो. तीन दहापर्यंत मी उभा राहतो.

काल स्वयंपाकघरातून द्वारकाबाईंनी आवाज दिला. पहिल्यांदाच. पोळ्यांच्या त्या दिवसानंतर त्या याबद्दल काही बोलल्या नव्हत्या.

"सर, लावा आता दार. काय बी येत नाय. नुसती झळ येतीय."

"येऊ द्या," मी म्हणालो.